सगळं थोरलीच्या नावावर

रेशमाच्या अळ्या चौथ्या झोपेतून, म्हणजे शेवटची कात टाकून, उठल्या त्या सकाळीच टपालवाला आला, आणि हातातला पाला टाकून थोरलीला सहीसाठी शेडबाहेर यावं लागलं.

तुतीच्या चिकानं तिचे दोन्ही हात हिरवेकाळे झाले होते. तिनं ते दारातल्या गोणपाटाला पुसले, टपालवाल्याच्या पेनाला डाग लागू नये म्हणून पेन बोटांच्या टोकांनी धरलं आणि त्यानं दाखवलं तिथं सही केली. सही करायची तिला सवय होती. त्या घरात जे यायचं ते तिच्या सहीनं यायचं.

"कसलं आहे हो, अक्का?" धाकट्या जावेनं आतून विचारलं.

"सरकारी दिसतंय. भाऊजी आले की वाचतील."

थोरलीला वाचता येत होतं. पण सरकारी कागद वाचायचं काम दिराचं, असं घरात ठरलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं, ठरलं होतं. तिनं पाकीट चुन्याच्या पोत्यावर ठेवलं आणि ती आत गेली. झोपेतून उठलेल्या अळ्या म्हणजे उपासातून उठलेली माणसं. त्यांना थांबा म्हणता येत नाही. आता कोषावर चढेपर्यंत त्यांचं एकच काम, खाणं, आणि घरातल्या चार माणसांचंही एकच, त्यांना खायला घालणं.

त्या वर्षी ऊन असं पडलं होतं की शेडच्या खिडक्यांना लावलेली गोणपाटं भिजवून पाठ फिरवावी तोवर वाळायची. मामंजी, म्हणजे दोघी जावांचे सासरे, खुर्चीवर बसून पिचकारीनं त्यांच्यावर पाणी मारायचे आणि मधूनच स्वतःच्या डोक्यावर. "मीपण जुना माल आहे," म्हणायचे, "मलाही थंड ठेवा."

दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यानं भारा टाकला, पाय धुतले, पाकीट फोडलं. वाचलं. परत वरून वाचलं. मग चुन्याच्या पोत्यावरच बसला, पँट पांढरी झाली तरी त्याला कळलं नाही.

"वहिनी, करखात्याची नोटीस आहे. तुमच्या नावानं."

"मी काय केलं?"

"कोषांचे पैसे इतकी वर्षं तुमच्या खात्यात येतायत आणि तुम्ही रिटर्न भरलेलं नाही, म्हणतात. कर भरा, दंड भरा. आणि एवढी मिळकत आली कुठून ते येऊन सांगा."

थोरली हसली. अगदी मनापासून हसली. "माझी मिळकत? अहो भाऊजी, मी साबणाची वडीसुद्धा तुम्हाला विचारून आणवते!"

बाकी कुणी हसलं नाही. मग तिचंही हसू तोंडावरच राहिलं. ते आवरायचं कसं हे तिला कळेना, म्हणून ती पाल्याकडे वळली.

सगळं तिच्या नावावर असायला कारण होतं, आणि ते कारण प्रेमाचं होतं.

नवरा गेला तेव्हा थोरली तरुण होती, मूल नव्हतं. माहेरचे न्यायला आले तर ती त्यांना म्हणाली, "एवढी बॅच होऊ दे." त्या बॅचच्या अळ्या दुकानातून ट्रेमध्ये आल्या, केसाएवढ्या बारीक, आणि पहिला पाला कुणी टाकायचा म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले, कारण आधी तो थोरला टाकायचा. तिनं टाकला. ती बॅच अशी उतरली की बाजारातल्या व्यापाऱ्यानं कोष कानाशी हलवून बघितले आणि विचारलं, "कुणाच्या हातचे?" दिरानं अभिमानानं सांगितलं, "आमच्या वहिनींच्या." पावतीही तिच्याच नावानं फाडून घेतली.

तिथून सुरू झालं. पहिला पाला तिचा, पावती तिची. मग खातं तिचं, शेडची जागा तिच्या नावावर, विहिरीवरची मोटार तिच्या नावावर, विजेचं मीटर तिच्या नावावर. भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिरानं तिच्या नावाची पावती करून आणलं होतं, आणि ते कधी मागं पडत नाही त्याचं कारण हेच, असं मामंजी पाहुण्यांना सांगायचे. माहेरचे मग परत न्यायला आले नाहीत.

पासबुक मात्र दिराच्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात असायचं. तिथं सुरक्षित राहतं म्हणून.

नोटिशीची बातमी फुकटसाहेबांना कशी कळली कुणास ठाऊक. ते मोठ्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान चालवायचे. सल्ला फुकट द्यायचे आणि त्या सल्ल्याला लागणाऱ्या झेरॉक्सचे पैसे घ्यायचे. म्हणून फुकटसाहेब. अंगाला अत्तर लावून ते संध्याकाळी थेट शेडच्या दाराशी आले तशी धाकटी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"तिथंच. चुन्याच्या रेघेच्या पलीकडे. तुमच्या वासानं अळ्या मरतील."

"वहिनी, माझ्या वासानं आजवर कुणी मेलं नाही."

"बोलून दाखवलं नसेल."

शेडमध्ये वास चालत नाही. तंबाखू नाही, उदबत्ती नाही, वासाचं तेल नाही, वासाचा साबण तर नाहीच. दोघी जावा वर्षानुवर्षं कपडे धुवायच्या पिवळ्या वडीनं अंघोळ करत आलेल्या. फुकटसाहेब रेघेपलीकडून, मोठ्या आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलले. सोपं आहे, म्हणाले. थोरल्या वहिनींनी सगळं दिराच्या नावानं बक्षीसपत्र करून द्यायचं, जागा, शेड, मोटार, सगळं. म्हणजे त्यांच्याकडे काही राहिलं नाही. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून सरकार काय घेणार? आणि मागच्या वर्षांसाठी मजुरांची दहावीस नावं लिहून टाकायची, एवढी मजुरी दिली म्हणून.

"आमच्याकडे कुठले मजूर? आम्हीच मजूर," धाकटी म्हणाली.

"नावं मी देतो. माझ्याकडे आहेत."

दिराला एवढंच दिसत होतं की वहिनींना कचेरीत उभं करून कुणीतरी जाब विचारणार. वहिनींना आजवर कुणी 'अगं' म्हटलेलं त्यानं खपवून घेतलं नव्हतं.

"करून टाका," थोरली आतून म्हणाली. शेजारणीनं मागितलेली चाळण द्यावी तशी म्हणाली. "कुठं सही करायची ते सांगा."

फुकटसाहेब टाईप करून आणतो म्हणून गेले. त्यानंतर स्वयंपाकघरात धाकटीच्या हातून प्रत्येक भांडं जरा जोरातच खाली ठेवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात दोघी पाला कापायला गेल्या. थोरलीची कात्री तिच्या नवऱ्यानं आणलेली. मुठीचा रंग जाऊन तिथं तिच्या पंजाचा आकार आला होता. धाकटीकडे कोयता. तिला कात्रीनं जमायचं नाही, तिचं सगळं एका घावात.

"अक्का, तुम्ही खरंच सही करणार?"

"करायला नको? माझ्यापायी घराला घोर लागलाय."

"तुमच्यापायी कसा? आम्ही सगळ्यांनी मिळून लावलाय." धाकटीनं फांदी तोडली. "माझ्या मावशीनं केली होती अशी सही. भावाला दिलं सगळं, प्रेमानं. भाऊही चांगला होता, वाईट नव्हता. पण मग ती कुणाकडे राहायला गेली की पिशवी दाराशीच ठेवायची. आत न्यायची नाही. म्हटलं, मावशी, आत ठेव की. तर म्हणायची, कशाला उगाच पसारा."

थोरली कापत राहिली.

"भाऊजी तसे नाहीत," ती म्हणाली.

"माझा नवरा कसा आहे ते मला सांगू नका, मी त्याचे मोजे धुते." धाकटी कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. "तो नाहीच तसा. पण तो असाच राहील, जिवंत राहील, शुद्धीत राहील, हे बक्षीसपत्रात लिहिणार आहेत का? आणि माझं काय? सगळं त्याच्या नावावर झालं की मी तुमच्या रांगेत. मग मी साबण कुणाला विचारून आणायचा?"

थोरलीला हसू आलं आणि डोळ्यांतही काहीतरी आलं. चिकाच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत, झोंबतात. तिनं मान वर करून आभाळाकडे बघितलं, आपोआप वाळू दिलं.

"शहरात एक करसल्लागार बाई आहेत. दूधवाल्यांचं काम त्यांनी केलंय. पैसे घेतात, पण विचारून तर बघू. सही काय, पळून चाललीय?"

दुपारी हे ऐकून दीर जेवता जेवता थांबला. "सल्ल्याला पैसे?"

"पैसे देऊन ऐकायचं असेल तर मला द्या," मामंजी म्हणाले. "मी इतकी वर्षं फुकट बोलतोय म्हणून कुणी ऐकत नाही."

पण दीर तयार झाला. मजुरांची ती खोटी नावं त्याच्याही घशाखाली उतरत नव्हती.

बाईंनी वेळ दिली ती नेमकी नको त्या दिवशी. अळ्यांचं पोट भरत आलं होतं. अंगावर पिवळसर झाक आली होती. आणखी दिवसभर खातील, असा थोरलीचा अंदाज. अळी पिकली की डोकं वर करून हलवत राहते, काहीतरी शोधत असल्यासारखी. तेव्हा तिला उचलून चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर ठेवावं लागतं. उशीर झाला तर कुठंही कोपऱ्यात विणते आणि माल वाया जातो. मामंजींना पिचकारी देऊन, खुर्ची दारात ठेवून तिघं निघाली.

कचेरी टायरच्या दुकानाच्या माडीवर होती. खाली हातोडे चालू, वर टेबलावरचे कागद हादरत होते. बाईंना सर्दी झाली होती. नाक लाल, चष्मा दोरीला. दारावरच्या पाटीवर त्यांची फी लिहिलेली होती, ती दिरानं नमस्काराच्या आधी वाचली.

"ती पहिल्या भेटीची," बाई रुमालातून म्हणाल्या. "पटलं नाही तर दुसऱ्यांदा येऊ नका. बसा."

दिरानं नोटीस दिली आणि फुकटसाहेबांचं बक्षीसपत्र, मजुरांच्या नावांची यादीही. आजच सही झालेली बरी असं त्यांनी बजावलं होतं. बाईंनी सगळं वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"आमच्याकडचे एकजण आहेत. फुकट सांगतात."

"दिसतंय." त्यांनी चष्मा काढून थोरलीकडे बघितलं. "नोटीस कुणाला आलीय? तुम्हाला. आणि हे सगळं मिळणार कुणाला? यांना. मग मी आधी एकट्या तुमच्याशी बोलणार. हे दोघं बाहेर बाकावर बसतील."

दीर उठेना. "अहो, आमच्यात असं काही नाही. आम्ही एकाच चुलीवरचे आहोत."

"चांगलं आहे की. पण तुमचं भलं आणि यांचं भलं एकच आहे का, ते मला अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत मी दोघांच्या वतीनं एकदम बोलू शकत नाही. बसा बाहेर, पंखा आहे."

दार लागलं. इतक्या वर्षांत थोरली कुठल्याच कचेरीत एकटी बसली नव्हती. तिनं हात टेबलाखाली घेतले.

"वर ठेवा हात, मी काही खात नाही. सकाळी काय काम करता?"

तिनं सांगितलं. पाला कापायचा, टाकायचा, खालची घाण काढायची, चुना मारायचा, परत पाला. बॅच नसेल तेव्हा बाग, खत, शेड धुणं.

"याचा पगार?"

"पगार कसला? घरचंच आहे."

"आजारी पडलात तर?"

"भाऊजी नेतात ना डॉक्टरकडे. कधी हयगय केली नाही."

"हे बक्षीसपत्र सही केलंत तर तुमच्याजवळ काय राहील?"

थोरलीनं विचार केला. प्रश्न परीक्षेतला असावा तसा प्रामाणिकपणे केला. "कात्री," ती म्हणाली. "पाला कापायची. ती माझी आहे."

बाईंनी लिहून घेतलं. थट्टा करतायत असं वाटून थोरलीनं वाकून बघितलं. कागदावर खरंच 'कात्री' लिहिलेलं होतं.

"आणि याच्यानं मागचा कर टळतो असं सांगितलं तुम्हाला? एक पैसा टळत नाही. मिळकत झाली तेव्हा ती तुमच्या नावावर झाली, ती आता दिली म्हणून न झाल्यासारखी होत नाही. म्हणजे जागा जाईल, आणि कर तुमच्याच डोक्यावर राहील. भरायला मात्र हातात काही नसेल. आणि ही मजुरांची नावं. उद्या यातल्या एकाला खात्यानं बोलावलं आणि तो म्हणाला मी कधी अळी बघितली नाही, तर? सही तुमची असेल, लिहून देणाऱ्याची नाही."

खाली टायरवर हातोडा पडला.

"आता तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"अळ्या चढायला आल्यात. मला घरी जायचंय."

"ते आजचं झालं. पुढं? म्हातारपणी?"

बाईंना शिंक आली, मग दुसरी आली. त्या नाक पुसत होत्या तेवढ्यात थोरलीला बोलायला बरं पडलं. "मला कुणाला विचारायला लागू नये," ती म्हणाली. "म्हणजे रागानं नाही सांगत. मागितलं की देतात ते, कधी नाही म्हणाले नाहीत. पण मागायच्या आधी मी दोन-दोन दिवस मनात वाक्य जुळवत बसते. चप्पल तुटली तरी. आता नाही जमत तसं. दमते."

एवढं ती दिराच्या पाठीमागे कधी कुणाशी बोलली नव्हती. बोलल्यावर ती घाबरली आणि दाराकडे बघायला लागली.

बाहेर बाकावर दीर टोपी काढून परत घालत होता. "काय विचारत असतील गं? आपण जेवायला घालतो का, असं विचारतील?"

"विचारू दे. घालतोच की."

"वहिनी काय सांगतील?"

धाकटीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "घाबरलास होय?"

"मी काय चुकलो तेच कळत नाही," तो म्हणाला. "सगळं त्यांच्याच नावावर केलं की. अजून काय मान द्यायचा?"

धाकटीनं त्याच्या पँटवरचा चुना झटकला. नोटीस आली त्या दिवसाचाच होता.

बाईंनी आत बोलावलं आणि हळू, एकेक शब्द जागेवर ठेवत सांगितलं. मागच्या वर्षांची रिटर्नं थोरलीच्याच नावानं भरायची, खरा खर्च वजा करून. अळ्यांची खरेदी, खत, वीज, गाडीभाडं, ज्याची पावती सापडेल ते सगळं. कर निघेल, थोडा दंड लागेल, हप्ते मागता येतील. त्या स्वतः थोरलीसोबत कचेरीत येतील, ती एकटी उभी राहणार नाही. आणि या बॅचपासूनच तिघांची भागीदारी, थोरली, दीर, धाकटी. तिघं राबतात आणि एकीच्याच नावावर मिळकत दिसते, म्हणून कराचा दर वर चढतो. जो राबतो त्याचा वाटा त्याच्या नावावर दाखवला की तो दर आपोआप खाली येतो, आणि त्यात खोटं काही नाही. शेडची जागा थोरलीचीच राहील, भागीदारी तिला भाडं देईल. दर महिन्याला प्रत्येकाचे पैसे प्रत्येकाच्या खात्यात. आजारपणाचा विमा सगळ्यांचा. आणि आपल्यामागं कुणाला काय, ते थोरलीनं आपल्या मनानं ठरवून लिहायचं, आज नाही, सवडीनं.

दिराच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला होता. "वाटा म्हणजे... वाटणी करा म्हणता? मामंजी... म्हणजे वडील आहेत अजून आमचे." वहिनींसमोर त्याची जीभ अशी अडखळली की वडिलांना तोही मामंजी म्हणून गेला.

"वाटणीला लोक माझ्याकडे येत नाहीत, वकिलाकडे जातात," बाई म्हणाल्या. "चूल तुमची तुम्ही बघा. मला फक्त कोण राबतं ते कागदावर घालायचंय."

त्यानं थोरलीकडे बघितलं. तिच्या तोंडून 'नको' निघेल याची वाट बघत होता, आणि तिलाही ते माहीत होतं. 'नको' तिच्या तोंडात तयारच असायचं, नेहमी. तिनं टेबलावरचं बक्षीसपत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकलं. फाडलं नाही. कागद फाडायची त्या घरात रीत नव्हती, ट्रेखाली अंथरायला लागतात.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी सही नाही करणार. वाटा घेणार. आणि माझं पासबुक मला माझ्याजवळ हवं."

"ते... डब्यातच असतं ना, वहिनी."

"डबा तुमच्या कपाटात असतो."

तिचा आवाज चढला नव्हता. तरी दीर थोबाडीत बसल्यासारखा उठून दाराकडे गेला. जिना उतरताना, मग गाडीतून उतरून शेताच्या बांधावरून चालताना तो पुढंच चालत राहिला, आणि थोरलीला त्याच्या पाठीवरचा घामाचा ओला डाग मोठा होत जाताना दिसत राहिला. हा मुलगा तिच्या हातचं खाऊन शाळेत गेला होता. परत जाऊन सही करावी असं तिला रस्त्यात एकदा वाटलं. मग धाकटीनं तिच्या हातातली पिशवी घेतली. आपल्या खांद्याला लावली.

शेडच्या दारात खुर्ची रिकामी होती.

मामंजी आत, रॅकच्या खालच्या खणाशी, गुडघ्यांवर होते. उन्हानं अळ्या आधीच पिकल्या होत्या. सगळ्या खणांतून डोकी वर, सगळी हलतायत. म्हातारा थरथरत्या बोटांनी एकेक अळी उचलत होता आणि चंद्रिकेवर ठेवत होता. "आलात?" तो मान न वळवता म्हणाला. "मी यांना सांगत होतो, थांबा गं बायांनो, मालकीणबाई शहरात गेल्यात. ऐकत नाहीत."

मग कुणाला बोलायला सवड नव्हती. कपडे न बदलता, हात तेवढे धुऊन तिघं लागली. पिकलेली अळी मऊ, गार, आतून उजेड दिसावा अशी असते. दाबली तर संपली, सैल धरली तर निसटते. धाकटी चंद्रिका उघडून मांडत गेली, थोरली आणि दीर एका रॅकच्या दोन बाजूंनी, समोरासमोर, उचलत गेले. खणांच्या फटीतून एकमेकांचे फक्त हात दिसत होते.

"वहिनी," पलीकडून आवाज आला, "तुम्हाला कधी असं वाटलं का, की मी..."

"नाही वाटलं."

"मग बाईंना जे सांगितलंत ते मला का नाही सांगितलं?"

तिचा हात थांबला. अळी बोटावर डोकं हलवत राहिली. "तुम्ही लगेच दिलं असतंत, भाऊजी. परत मागायलाच लागलं असतं की मला."

पलीकडचे हातही थांबले. बऱ्याच वेळानं परत चालू झाले. त्या बाजूनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि धाकटी म्हणाली, "बाईंची सर्दी लागली वाटतं ह्यांना."

दिवे लागायच्या वेळेला शेवटची अळी चढली. थोरली हात धुऊन आली तर तिच्या कात्रीच्या खिळ्यावर, कात्रीमागं, पासबुक दोऱ्यानं बांधून अडकवलेलं होतं. डबा आणला नव्हता. डब्याला तिच्याकडे जागा नाही हे त्याला माहीत असावं.

कोष उतरले ते उन्हामुळे थोडे हलके, पण विकले गेले. बाजारात पावती फाडणाऱ्यानं नेहमीच्या सवयीनं थोरलीचं नाव लिहायला घेतलं तेव्हा दिरानं त्याचा हात धरला आणि भागीदारीचं नाव सांगितलं, जोरात, दोनदा, जणू बारशालाच उभा होता. करखात्यात थोरली बाईंच्या शेजारी बसली. कर निघाला, दंड निघाला, हप्ते बांधून मिळाले. पहिला हप्ता भरून आली त्या दिवशी तिनं मामंजींना सांगितलं, "मी सरकारला पैसे दिले," आणि त्यात थोडी ऐट होती. फुकटसाहेब रस्त्यात भेटले तर म्हणाले, पैसे घेऊन सल्ला देणाऱ्यांचं काही खरं नसतं. धाकटी म्हणाली, "झेरॉक्स किती झालं तुमचं?"

पुढची बॅच यायला अजून अवकाश होता. शेड धुऊन, चुना मारून, दारं उघडी टाकून वाळत ठेवली होती. महिन्याचे पैसे खात्यात आल्यावर थोरली एकटी दुकानात गेली. दुकानदारानं पिवळी वडी काढून ठेवली, नेहमीसारखी. ती म्हणाली, "ती नको." मग काय हवं हे तिला सांगता येईना. वासाच्या साबणांची नावं तिला माहीत नव्हती. शेवटी तिनं काचेवर बोट ठेवलं. दुकानदारानं एक वडी दिली तशी म्हणाली, दोन द्या, एक जावेला.

संध्याकाळी तिनं अंघोळ केली. न्हाणीघरातून वास निघाला, तो चुलीशी गेला, तिथून ओसरीवर. मामंजी डोळे मिटून पडले होते. त्यांनी दोनदा नाक वर करून हुंगलं आणि उठून टोपी नीट केली.

"कुणी पाहुणं आलंय का गं? चहा टाका."

थोरली ओले केस घेऊन दारात आली.

"पाहुणं कुणी नाही, मामंजी. मीच आहे."

"तू होय," म्हातारा म्हणाला आणि परत पडला. "तरी टाका चहा."

दीर चूल पेटवायला उठला. धाकटी आपली वडी घेऊन न्हाणीघरात शिरली होती, आणि आतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.